तावियाच्या गाडीची वाटणी

मास्टर, म्हणजे माझे यजमान ताविया, वारले त्या सकाळी त्यांच्या अंगाला अजून पाणी लागलं नव्हतं, आणि त्यांच्या घरच्यांनी माझ्याकडे गाडीची किल्ली मागितली. मी म्हटलं, या गाडीला किल्ली नाही. खरंच नव्हती. दोन वायरी एकमेकींना लावल्या की ती सुरू व्हायची, आणि कुठल्या दोन, ते मास्टरांना ठाऊक होतं आणि मला. पण घरच्यांना वाटलं मी टोमणा मारतेय. माझ्याबद्दल लोकांना नेहमी तसंच वाटतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं.

मी आचिया. कुमासी शहराच्या मोठ्या बाजारात केळी विकते. ती गोड पिवळी नव्हेत, भाजीची, उकडून कुटून फुफूचा गोळा करायची, मनगटाएवढी जाड. माझी केळी येतात ऑफिन नदीपलीकडच्या आसुकोमाहून. तिथली माती अशी की बुंधा नुसता टेकवला तरी घड धरतो, आणि तिथला रस्ता असा की पावसात बकरीसुद्धा पाय टाकण्याआधी विचार करते. ट्रकवाले जंक्शनला थांबायचे. तिथून पुढे आम्ही बायका डोक्यावर घड घेऊन चालायचो. अर्धा माल यायचा, अर्धा तिथेच काळा पडायचा. ज्या वर्षी रानं पेटली, कोकोची झाडं उभी करपली आणि शहरात माणसं उकडलेल्या पपईवर जगली, त्या वर्षीसुद्धा आसुकोमाच्या ओलसर खाचरात केळी होती. आणायला वाट नव्हती. शहर उपाशी आणि केळी सडतायत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अजून आठवलं की माझं पित्त खवळतं.

त्याच वर्षी एका संध्याकाळी मी मास्टरांपुढे सुपाचं भांडं आपटलं. म्हटलं, "अख्ख्या अशांती मुलखाच्या गाड्या तुमच्या हातून नीट होऊन जातात आणि तुमच्या बायकोची केळी चिखलात कुजतात. लोक विचारतात, तुझा नवरा फिटर आहे ना गं? मी काय सांगू, बहिरा आहे म्हणून सांगू?"

मास्टर जेवत राहिले. मॅगझिनमध्ये, म्हणजे शहरातल्या फिटरांच्या वस्तीत, ताविया हाच एक माणूस होता, ज्याला कुणी ओरडलेलं ऐकू यायचं नाही. हात धुवून झाल्यावर म्हणाले, "चासी आहे."

"काय आहे?"

"मामाच्या बेडफर्ड ट्रकची चासी, खालचा सांगाडा. गावच्या घरामागे पडलीय. मागचा एक्सल बरा आहे. केबिनमध्ये कोंबड्या बसतात. पण तुझ्या रस्त्याला मागच्या चाकांचा जोर पुरणार नाही. पुढची चाकंपण ओढणारी पाहिजेत."

"मग ओढू देत की."

"बोलणं सोपं आहे," म्हणाले, आणि झोपायला गेले. दुसऱ्या दिवशी पहाटेच गावाला निघून गेले, कोंबड्या हाकलायला.

आमच्यात बापाचं पोराला जात नाही. मामाचं भाच्याला जातं. माझ्या दोघी मुली माझ्या घराण्याच्या. माझ्या भावाची शेती उद्या त्यांच्या मावसभावाला मिळेल, आणि यात मला कधी काही वावगं वाटलं नाही. मास्टरांना मामाची ती बेडफर्ड अशीच मिळाली होती, घराण्याची वस्तू म्हणून. तेव्हा ती म्हणजे गंजाचा ढीग होता. गंजाच्या ढिगावर कोण हक्क सांगतंय? मीसुद्धा नाक मुरडलं होतं.

चासी मॅगझिनला आली आणि मग सुरू झाली भीक मागायची कामं. तुम्हाला मॅगझिन ठाऊक असेल तर ठीकच; नसेल तर एवढं कळलं तरी पुरे की तिथली जमीनसुद्धा तेल प्यायलेली आहे आणि एक गाडी आत शिरली की तीन गाड्यांत वाटून बाहेर पडते. पण त्या वर्षी नवीन सुटा भाग देशात येतच नव्हता. जो तो दुसऱ्याच्या मेलेल्या गाडीकडे डोळा लावून बसलेला. मास्टरांना इंजिन सापडलं एका लाकूड-गिरणीच्या ट्रकचं. ट्रक दरीत गेला होता, इंजिन शाबूत होतं. गिरणीवाला उधार देईना. मी माझी पेटी उघडली.

आमच्याकडे बाईचं सोनंनाणं म्हणजे तिच्या पेटीतली कापडं. लग्नातली, बाळंतपणातली, आईनं मरताना हातात दिलेली, घडीसुद्धा न मोडलेली. प्रत्येक नक्षीला नाव असतं. मी त्यातली जड, चांगली कापडं काढली आणि इंजिनावर घातली. बाजारातल्या बायका म्हणाल्या, "आचिया, वेडी झालीस का? मेल्यावर काय नेसून जाशील?" मी म्हटलं, "गाडीत बसून जाईन. तुम्ही चालत या."

मग पुढचा एक्सल. लष्कराच्या भंगारात चारही चाकं ओढणाऱ्या बेडफर्डचा मिळाला, सोबत ती पेटीपण, जी गिअरबॉक्सचा जोर पुढे-मागे वाटून देते. पुन्हा कापडं गेली. एक्सल आणला, चासीखाली सरकवला, मी देवाला हात जोडले. मास्टरांनी खडू घेतला. चाकावर एक रेघ, शाफ्टवर एक रेघ. चाक एकदा फिरवायचं आणि शाफ्ट किती फिरतो ते बघायचं. मागच्या एक्सलचं बघितलं, पुढच्याचं बघितलं, पुन्हा मागच्याचं बघितलं. मग खडू खिशात टाकून म्हणाले, "हा नाही चालत."

"नाही चालत म्हणजे? चार चाकं दिसतायत मला."

"दात जुळत नाहीत. पुढचा एका चालीनं चालणार, मागचा दुसऱ्या. चिखलात खपून जाईल, घट्ट रस्त्यावर गाडी स्वतःशीच भांडेल. आतली पेटी फुटेल."

"थोडंसंच तर कमीजास्त आहे ना?"

"आचिया, तू केळी विकतेस. घडात एक सडलं तर काढून टाकतेस. मला हे काढून टाकू दे."

मी दोन दिवस बोलले नाही. कापडं गेली होती ना माझी. त्यांनी तो एक्सल कुणाला तरी दिला, बदल्यात दुसरा मिळवायला पार टेचिमानपर्यंत गेले, आणि पावसाळा उलटून गेल्यावर जुळणारा घेऊन आले. खडूच्या रेघा बरोबर समोरासमोर आल्या तेव्हा पहिल्यांदा मला जवळ बोलावून दाखवलं. मला त्यातलं काही कळलं नाही. पण त्या माणसाचा चेहरा मी बघितला, आणि माझा उरलासुरला राग गेला तो गेलाच.

त्या कामात त्यांच्या हाताशी दोघं होते. एक इसाका, झोंगो वस्तीतला वेल्डर, मास्टरांचा जुना सोबती. कमी बोलायचा, पाच वेळा नमाज पढायचा, आणि लोखंडाला लोखंड असं चिकटवायचा की जोड शोधून सापडू नये. दुसरा फोसू.

फोसू मास्टरांच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. आमच्यात भाचा मामीला लाडानं "बायको" म्हणतो, कारण मामाचं सगळं पुढेमागे त्याचंच. ही थट्टा जुनी आहे, सगळ्या घरात चालते. फोसू शाळेसाठी आमच्याकडे राहायला आला तेव्हा त्याचे पुढचे दात पडलेले होते. दारात उभा राहून म्हणाला, "बायको, भूक लागली." मी म्हटलं, "आधी नाक पूस, मग नवरा हो." तेव्हापासून तो मला बायको म्हणायचा आणि मी त्याला नवऱ्या. मोठा झाला, प्रवासी गाडीवर ड्रायव्हर झाला, शहरात लग्न केलं, तरी सुटीच्या दिवशी यायचा, गाडीखाली शिरायचा, आणि जेवायच्या वेळेला बरोबर बाहेर निघायचा. "बायको, आज काय?" "तुझ्या मामाचं उष्टं." असं आमचं चालायचं. मास्टर हसायचे नाहीत, पण ऐकायचे.

गाडी उभी राहिली तेव्हा ती कुणाच्याच बापाची दिसत नव्हती. नाक एकाचं, पाय दुसऱ्याचे, लाकडी हौदा सुतारानं नवा बांधलेला. कपाळावर काय लिहायचं यावरून महिनाभर वाद. मी सांगत होते, देवाचं काहीतरी लिहा. एक दिवस जाऊन बघते तर रंगाऱ्यानं मोठ्या तांबड्या अक्षरांत लिहून ठेवलेलं, "तोंड सांभाळ." अख्खं मॅगझिन माझ्याकडे बघून दात काढत होतं. इसाकासुद्धा. मास्टर निर्विकारपणे नट पुसत होते.

पण ती आसुकोमाला पोचली, बरं का. भर पावसात. चढावर मागची चाकं फिरायला लागली, मास्टरांनी छोटा दांडा ओढला, पुढच्या चाकांनी चिखलात बोटं रोवावीत तशी पकड घेतली आणि गाडी घोगऱ्या आवाजात वर चढली. गावातल्या बायका आधी पळाल्या, मग परत आल्या, मग नाचल्या. त्या दिवशी आम्ही एक घडही डोक्यावर घेतला नाही. मी हौद्यात केळ्यांवर बसून आले आणि वाटभर गात होते. मला गाता येत नाही.

एक हंगाम असा गेला. मग मास्टरांना ताप आला, पोट फुगलं, आणि औषधाची बाटली शोधत मी शहरभर फिरत असतानाच ते गेले. यापुढे मला त्याबद्दल काही सांगायचं नाही.

सुतकात विधवेनं चटईवर बसायचं, बाहेर पाऊल टाकायचं नाही. मी बसले. पण कान बाहेर होते. पहिल्या आठवड्यातच ठरलं की वारस फोसू. ते ठरणारच होतं. मला त्याचं काही नव्हतं. मास्टरांचं घड्याळ, खाट, हत्यारं, सगळं नेऊ देत. मला गाडी हवी होती, अख्खी, चालती. आसुकोमाच्या बायका माझ्या भरवशावर घड कापत होत्या. आणि त्याहून खरं सांगायचं तर, ती गाडी सुरू झाली की तिच्या आवाजात मला मास्टर ऐकू यायचे, बोलायचे नाहीत तरी. ती दुसऱ्या कुणाच्या अंगणात उभी आहे हे मला सोसलं नसतं.

चाळिसावा दिवस झाल्यावर गावच्या घरी बैठक बसली. तावियाच्या घराण्याचे वडीलधारे ओपानिन बेदियाको मधल्या खुर्चीत, दारूची बाटली पायाशी, धारेचे दोन थेंब पूर्वजांना वाहून झालेले. मी सुतकाचं काळं-तांबडं नेसून समोर. फोसू एका बाजूला, पाय जुळवून, शाळेत बसायचा तसा.

ओपानिन म्हणाले, "आचिया, तू आमच्या मुलाला चांगलं सांभाळलंस. आम्ही आंधळे नाही. फोसू त्याच्या मामाच्या जागी बसलाय. मामाची गाडी त्याची. मामाची बायकोसुद्धा रिवाजानं त्याची, तिची इच्छा असेल तर. तू हो म्हण. घर तेच, गाडी तीच, तुझी केळी तीच. काही हलायला नको."

फोसू काहीतरी बोलायला गेला. "मामी, ऐक, हे असं आहे की..."

मामी म्हणाला. बायको नाही म्हणाला. जन्मभर थट्टेत म्हटलेला शब्द, आता खरा करायची वेळ आली तेव्हा त्याच्या तोंडून निघेना. त्यानंच माझ्या डोक्यात काय भडकलं देव जाणे. मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही.

"ज्याचं ढुंगण मी धुतलं, तो आता माझ्या अंथरुणात येणार होय? त्यापेक्षा मी त्या इंजिनाशी लग्न लावते. ते सकाळी उठतं तरी. आयत्या बिळावर नागोबा! मामा गाडीखाली पाठ सोलून घेत होता तेव्हा हा यायचा तो जेवायच्या वेळेला. आणि आता म्हणे, गाडी माझी, मामी माझी. सुपाचं भांडंपण घेऊन जा रे, चाटायला."

बायका हसल्या. मागे उभी असलेली पोरंटोरं हसली. फोसूची शहरातली बायको दाराशी उभी होती, ती नाही हसली. फोसूनं मान खाली घातली आणि ती पुन्हा वर केली नाही.

ओपानिन म्हणाले, "वडीलधाऱ्यांसमोर असं बोलल्यावर दंडाची मेंढी द्यावी लागते, आचिया. मेंढी आण, शब्द मागे घे, मग पुढचं बोलू."

"मेंढीची लेंडीसुद्धा देणार नाही," मी म्हटलं. "गाडीतलं तुमचं आहे काय? गंजकी चासी. ती घ्या उचलून. इंजिन माझ्या कापडांचं, पुढचा एक्सल माझ्या कापडांचा, ती मधली पेटी माझी. माझं मला द्या."

आता बोलण्यात मागे कोण हटणार? ओपानिन आत जाऊन म्हाताऱ्यांशी बोलून आले आणि निवाडा सांगितला. जे घराण्याच्या दारातून गेलं ते घराण्याचं. जे आचियानं कापडं विकून घेतलं ते आचियाचं. आणि जे तावियानं स्वतःच्या हातानं बनवलं ते तावियाचं, म्हणजे घराण्याचं. मला वाटलं मी जिंकले. गावच्या रस्त्यानं परत येताना माझी छाती वर होती. इंजिनाशिवाय चासी घेऊन काय करतील, मेले? चार दिवसांत हातापाया पडत येतील.

शहरात आल्यावर इसाका भेटला. त्याला सगळं कळलं होतं. म्हणाला, "माते, फोसू बैठकीच्या आधी माझ्याकडे आला होता. म्हणाला, लग्न नुसतं नावाला. गाडी मामीच्या हातात ठेवायला रिवाजात एवढी एकच वाट आहे. त्यानं त्याच्या बायकोलाही तसंच सांगून ठेवलं होतं."

"मग बैठकीत का नाही बोलला?"

"तू बोलू दिलंस?"

 त्या दिवशी केळी विकताना माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं, दोन गिऱ्हाइकांना जास्तीची गेली. मेंढी आणावी असं मनात आलं. मग आलं की त्यानं यावं. मी थोरली, मी विधवा, त्यानं यावं. तो आला नाही. त्यालाही तसंच काहीतरी वाटत असणार. हसले होते ना सगळे त्याला, बायकोसमोर.

वाटणीचा दिवस ठरला. मॅगझिनमध्ये, कडुनिंबाखाली. ओपानिन खुर्ची घेऊन आले. अर्धं मॅगझिन कामं टाकून बघायला जमलं. दुसऱ्याचं घर मोडताना बघायला फुकटात मिळतं, कोण सोडील? गाडी उघडायला इसाकाच हवा होता, कारण मास्टरांनंतर तिची आतडी त्यालाच ठाऊक. तो दर नटाशी आधी अडायचा. "हा गंजलाय. आज निघेलसं वाटत नाही." ओपानिन म्हणायचे, "आम्हाला घाई नाही." मग तो निघायचाच.

दोन ढीग होत गेले. हौदा सुटला, तो घराण्याचा. केबिन घराण्याची. इंजिन साखळीनं वर उचललं तेव्हा मी पुढे झाले. "माझं."

"इंजिन तुझं," इसाका म्हणाला. "पण ही पाठीमागची लोखंडी तबकडी मास्टरांनी केलीय. ही इंजिनाला गिअरबॉक्सशी जोडते. दोघं वेगवेगळ्या जातीचे, भोकं जुळत नव्हती. अख्खा पावसाळा कानशीनं घासत होता तो."

"तावियानं बनवलं ते घराण्याचं," ओपानिन म्हणाले.

तबकडी त्या ढिगावर गेली. मग इंजिन ज्यांच्यावर बसतं ते कोपरे, मास्टरांचे, तिकडे गेले. पुढच्या एक्सलच्या स्प्रिंगा धरणारे कान, मास्टरांचे, तिकडे. पेटी टांगायचे पट्टे, तिकडे. माझ्या ढिगात मोठमोठे भाग पडत होते आणि त्यातला एकही दुसऱ्याला कसा लागेल ते सांगता येत नव्हतं. बघता बघता मला कळलं की मी कापडं विकून आणलं ते नुसतं लोखंड होतं. गाडी म्हणजे ते मधलं मधलं होतं, जे त्यांनी केलं, आणि ते सगळं पलीकडे चाललं होतं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी फोसूकडे बघितलं. तो त्याच्या ढिगाकडे बघत होता. त्याच्याकडे सगळे जोड होते आणि जोडायला काही नव्हतं. त्याचाही चेहरा उतरला होता.

शेवटी राहिला पुढचा शाफ्ट. पेटीपासून पुढच्या एक्सलपर्यंत जाणारा लांब दांडा. इसाकानं तो काढून दोन्ही हातांवर आडवा धरला, लहान मूल धरतात तसा.

"आणि हा?" ओपानिननी विचारलं.

"अर्धा लष्करी गाडीचा, म्हणजे माझा," मी म्हटलं.

"अर्धा मामाच्या बेडफर्डचा," फोसू म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदा बोलला.

"दोन्ही आखूड होते," इसाका म्हणाला. "म्हणून आम्ही जोडला. मी आणि तो. जोडल्यावर दोन पट्ट्यांवर ठेवून लोटायचो, जड बाजू खाली यायची, मग हलक्या बाजूला चिमूटभर लोखंड लावायचो, पुन्हा लोटायचो. कुठेही थांबवला तरी थांबायला लागला, तेव्हा त्यानं हात धुतले." तो थांबला. "जोड मी केला. तावियानं नाही. मग माझा होतो की काय हा?"

कुणी हसलं नाही. ओपानिननी कपाळ चोळलं. म्हातारे थकले होते, त्यांनाही घरी जायचं होतं. म्हणाले, "जोडावर काप. ज्याचा अर्धा त्याला."

"ओपानिन, शाफ्टचा अर्धा होत नाही. अर्धा शाफ्ट म्हणजे काठी."

"मग ज्याला नको असेल त्यानं आपला अर्धा सोडून द्यावा. नाहीतर काप."

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "सॉलोमन राजा!" आणि दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. ती गोष्ट आम्हा सगळ्यांना रविवारच्या शाळेत शिकवलेली आहे. खरी आई कोण, तर जी म्हणते, कापू नका. मला ठाऊक होतं. फोसूलाही ठाऊक होतं, मीच त्याला बोट धरून त्या शाळेत नेत होते.

इसाकानं शाफ्ट दोन दगडांवर ठेवला. चष्मा कपाळावर चढवला, ज्योत पेटवली, आणि आमच्याकडे वळला. आधी माझ्याकडे, मग फोसूकडे. "कुणाला काही बोलायचं असेल तर आत्ता बोला," म्हणाला.

मला बोलायचं होतं. देवाशपथ सांगते, बोलायचं होतं. मेंढीही दिली असती, दोन दिल्या असत्या. पण मी म्हटलं, त्याला एक शब्द बोलू दे, नुसतं 'थांब' म्हणू दे, मी उरलेलं सगळं बोलते. माझ्या भांड्यातलं खाऊन मोठा झालाय, एक शब्द देणं लागतो मला. तो माझ्याकडे बघत होता.  मी वाट बघितली. त्यानंही बघितली.

इसाकानं चष्मा खाली ओढला.

जोड लवकर तुटला नाही. ठिणग्या उडत होत्या, इसाकाची पाठ हलत होती, आणि मध्येच तो थांबून बाहीनं तोंड पुसायचा. मग दोन्ही तुकडे तेलकट मातीत पडले. गर्दी पांगायला लागली. ओपानिन खुर्ची उचलायला सांगून उठले.

फोसू तिथेच जमिनीवर बसला. मास्टर गेल्यापासून पहिल्यांदा म्हणाला, "बायको, मला वाटलं तू थांब म्हणशील."

"मलाही वाटलं, नवऱ्या," मी म्हटलं. 

तो उठून इसाकाकडे गेला. "परत जोड. सगळं परत जोड. मी मामीला देतो सगळं. ओपानिनना मी बघून घेतो."

"हो," मी म्हटलं. "जोड, इसाका. मेंढी मी उद्याच आणते."

इसाकानं ज्योत बंद केली. एक तुकडा उचलला, दुसरा त्याच्यापुढे धरला आणि आम्हाला दाखवलं. मधलं बोटभर लोखंड ज्योतीनं खाल्लं होतं.

"आखूड झाला," म्हणाला.

"मग दुसरा कर," फोसू म्हणाला. "तुला येतं. तबकडी आहे, कोपरे आहेत, सगळं इथंच आहे."

"मी चिकटवतो, बाळा. कुठे चिकटवायचं ते तो सांगायचा." इसाकानं दोन्ही तुकडे खाली ठेवले, एक माझ्या ढिगाजवळ, एक फोसूच्या. मग त्यानं नळ उघडून हातपाय धुतले आणि नमाजाला गेला.